मांडीखालची पायपेटी

गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात मी वाजवलं तेव्हा टाळ्या भरपूर पडल्या, आणि त्यातली एकही माझ्या वाजवण्याला नव्हती. हे मला कोणी समजावून सांगायला नको. वाजवण्याला पडणारी टाळी जरा उशिरा येते. माणूस आधी धरलेला श्वास सोडतो, मग हात उचलतो. ही टाळी माझं बोट तारेवरून उठायच्या आतच सुरू झाली. 'वा काकू, या वयात' अशी ती टाळी होती. त्यातली निम्मी तर माझ्या जावयांना होती. ते बिचारे सबंध वेळ माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले होते आणि माझं बटण दाबत होते. 'सासूचं किती करतात' असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, तेही मी ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत. तेच तर दुखणं आहे.

बटण कसलं, ते सांगते. मी हवाईयन गिटार वाजवते. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादाची कांडी धरून तारांवरून सरकवायची, उजव्या बोटांत नख्या घालून छेडायची. आमच्या तरुणपणी सांगलीत दोन गल्ल्यांआड एकाकडे तरी ती असायची. मला कोणी शिकवली नाही. आमच्या यांनी मित्राकडून जुनी आणली होती, स्वतः शिकायला म्हणून. यांचा उत्साह आठवडाभर टिकला. मग ती शिवणयंत्राशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी दुपारी रेडिओ लावून ती मांडीवर घ्यायला लागले. गाणं संपलं की डोक्यात उरेल तेवढं तारेवर शोधायचं. चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून मी माझीच फार कडक मास्तरीण झाले, आणि अजून आहे.

हे गेल्यापासून मी दरवर्षी काही महिने लेकीकडे जपानला येते, तोक्योतल्या फुनाबोरीला. इथे लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळतो, म्हणजे फार काही परकं वाटत नाही. गिटार मी पहिल्याच खेपेला बरोबर आणली. जावयांनी तिला तारांजवळ सूर टिपणारा एक पिकअप बसवून घेतला आणि लहानसा ॲम्प आणला. ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारा डबा. पण त्याच्यात एक गंमत आहे. एक बटण दाबलं की सुराला घुमारा येतो, देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा. जावई त्याला रिव्हर्ब म्हणतात. मी घुमाराच म्हणते.

आता आलापीला हा घुमारा हवा. सूर लांबवला की तो मागे दरवळत राहतो. पण पुढे द्रुत ताना सुरू झाल्या की तोच घुमारा वैरी होतो. एक सूर विरायच्या आत त्यावर दुसरा येऊन पडतो, त्यावर तिसरा, आणि सगळ्याची खिचडी. म्हणजे ताना आल्या की घुमारा बंद करायचा, परत संथ आलं की चालू. आणि माझे दोन्ही हात अडकलेले. म्हणून जावई.

गेल्या वर्षी त्यांनी एकदा उशिरा दाबलं आणि एकदा फार लवकर. त्यांचा दोष नाही. ते कॉम्प्युटरचे इंजिनियर, तानेच्या आधीचा श्वास त्यांना कुठून कळणार. मी सांगून ठेवलं होतं की मान हलवली की दाबा. पण वाजवताना मी मान सारखीच हलवते.

यंदा मी आल्या आल्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची सूत्रं जिच्या हातात असतात ती बाई चहाला आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, मनाने चांगली आहे, पण सगळं ठरवून झाल्यावर विचारायची सवय. तिला मी इथे बँकवालीच म्हणते. कप खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "काकू, यंदा आम्ही ठरवलंय, तुम्हाला अजिबात त्रास द्यायचा नाही."

मी म्हटलं, "मला कुठे त्रास झाला? त्रास जावयांच्या गुडघ्यांना झाला."

"तेच ना. म्हणून तुम्ही घरी आरामात वाजवा, आपण छान रेकॉर्ड करू. घुमाराबिमारा सगळा परफेक्ट. त्या दिवशी मी ट्रॅक लावते. तुम्ही नुसती गिटार घेऊन बसा, हात फिरवा. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल की."

"काकू, हल्ली मोठेमोठे कलाकारही असंच करतात."

"ते मोठे असतात. त्यांना परवडतं. मी हात नुसते फिरवले तर माझ्याकडे उरलं काय?"

ती हसली. लेकही हसली. मला हसू येत नव्हतं. नुसती गिटार घेऊन बसा, म्हणे. गौरीचा मुखवटा आहे का मी, नटवून मांडून ठेवायला? तीस माणसं समोर बसणार, मी खोटी बोटं फिरवणार, आणि मागून माझंच वाजवणं मला ऐकू येणार. यापेक्षा घरात बसून मटार सोललेले बरे.

जावई इतका वेळ बिस्किटं खात होते. ते म्हणाले, "आई, फूटस्विच मिळतो की. ॲम्पच्या पाठीमागे त्याच्यासाठी भोकच आहे. वायर खोचायची, स्विच खाली ठेवायचा, पायाने दाबायचा. मग मी लागणार नाही."

हे त्यांनी गेल्या वर्षी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." इंजिनियर लोकांचं हे असं असतं.

पण बँकवालीचा कप हवेतच राहिला. "पायाने? काकू, वाद्याला पाय? आणि तेही बाप्पासमोर?"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. आमच्याकडे गिटारच्या खोळीला जरी पाय लागला तरी वाकून नमस्कार करायची रीत. पण माझ्या मनात आलेलं वेगळं, आणि दुसऱ्याने मला शिकवलेलं वेगळं. मी तिला विचारलं, "तुला पायपेटी माहीत आहे का गं?"

"हार्मोनियम ना?"

"ती हातपेटी. एक हात भात्याला, एकाच हाताने वाजवायचं. पायपेटी टेबलाएवढी उंच असते. खाली दोन पायटे. पायांनी हवा भरत राहायचं आणि वर दोन्ही हात मोकळे. सगळी संगीत नाटकं त्या पेटीवर उभी राहिली. आमच्या गल्लीत एक मास्तर होते, नाटक कंपनीतून म्हातारे होऊन परत आलेले. त्यांच्या ओसरीवर पायपेटी होती. ते म्हणायचे, पाय थांबला की सूर मेला. वाजवायच्या आधी ते पेटीच्या पाया पडायचे आणि मग तिलाच पाय लावून बसायचे. सरस्वती कधी रुसली नाही त्यांच्यावर."

"ते जुनं झालं हो काकू," बँकवाली म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर बघा प्रयत्न करून. मी ट्रॅक तयार ठेवतेच, बॅकअप म्हणून."

बॅकअप. हा शब्द मला फार लागला. ती गेल्यावर मी लेकीला म्हटलं, "तुझ्या लग्नात मी बॅकअपला दुसरा नवरा मुलगा ठेवला होता का?" जावई बिस्किटांचा डबा घेऊन आत निघून गेले.

शनिवारी आम्ही दोघं, म्हणजे जावई आणि मी, ओचानोमिझूला गेलो. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारींचीच दुकानं. शिंजुकू लाईनने ओगावामाचीला उतरायचं आणि चढ चढत जायचं. आम्ही शिरलो त्या दुकानात गिटारी भिंतीवर छतापर्यंत टांगलेल्या, आणि एक लांब केसांचा, काडीसारखा सेल्समन. कमरेत वाकला, अदबीने बोलला, सगळं जावयांशी. मी जणू त्यांनी बरोबर आणलेली छत्री.

"काय विचारतोय?" मी म्हटलं.

"नातवासाठी हवाय का, असं विचारतोय."

"त्याला सांगा, वाजवणारी मी आहे."

जावयांनी सांगितलं. तो माझ्याकडे वळला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "सुगोई." सुगोई म्हणजे कमाल आहे. म्हणजे आपलं तेच, 'वा काकू, या वयात'. मी अजून तारेला बोटही लावलं नव्हतं. सात समुद्र ओलांडून आलं तरी ही टाळी माझ्या आधीच पोचलेली.

त्याने कपाटातून फूटस्विच काढून मांडले. लोखंडी डब्या, आणि प्रत्येकीवर एक चकचकीत पोलादी गुंडी. कोणावर एक, कोणावर दोन. लाल दिव्याच्या, निळ्या दिव्याच्या. त्याने स्वतःच्या बुटाने एक दाबून दाखवली. खट्. परत दाबली. खट्. जावई मान डोलावत होते. मी माझा बूट काढला.

दुकानात बूट काढायचा नसतो, हे मलाही कळतं. पण आमचा कार्यक्रम होतो तो हॉल तातामीचा आहे, चटयांचा. तिथे दाराशीच बूट काढावे लागतात. मग बूट घालून निवडलेला स्विच माझ्या काय कामाचा? तो सेल्समन एक क्षण घाबरला, मग आत पळाला आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा आणून त्याने माझ्या पायाखाली अंथरला. एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे. आपल्याकडे आधी चार माणसं जमली असती.

मी मोज्याच्या पायाने ती गुंडी दाबली. चवड्यात खिळा शिरावा तशी शिरली. जोर लावला तरी खट् होईना. टाच उचलून सगळं वजन दिलं तेव्हा कुठे झालं, आणि तोवर माझ्या मनातली तान संपून गेली असती. दुसरी दाबली, तीच गत. तिसरीही.

"त्याला विचारा," मी जावयांना म्हटलं, "तुमच्या देशात घरात कोणी बूट घालतं का?"

"आई, असं कसं विचारू?"

"जसं मी विचारतेय तसं. चटईवर राहणाऱ्या लोकांच्या दुकानात सगळे स्विच बूटवाल्यांचे. मग घरी हे लोक दाबतात कशाने?"

जावयांनी विचारलं. किती गोड करून विचारलं देव जाणे, पण विचारलं. मान तिरकी करून त्या मुलाने विचार केला आणि जरा ओशाळून काहीतरी म्हणाला. जावयांना हसू आवरेना. "म्हणतोय, घरी तो हातानेच दाबतो."

बघा. एवढं मोठं दुकान, आणि विकणारा घरी वाकून हाताने दाबतो. हे आजवर कोणीतरी विचारायला नको होतं का?

शेवटी त्यातल्या त्यात मऊ म्हणून एक निळ्या दिव्याची डबी जावयांनी निवडली. मला पटली नव्हती. पण आपण दुकानात बूट काढून इतका वेळ उभे राहिलो, आता रिकाम्या हाती कसं जायचं, हा आपला देशी संकोच. घेतली.

घरी आलो. लेकीने कार्यक्रमात असते तशी सतरंजी घातली, जावयांनी वायर ॲम्पच्या भोकात खोचली आणि डबी माझ्यासमोर ठेवली. मी मांडी घालून बसले, गिटार मांडीवर आडवी घेतली, कांडी हातात धरली. आलाप सुरू केला. घुमारा भरला. तान आली. आणि माझ्या लक्षात आलं की पाय कुठे आहेत? माझे दोन्ही पाय माझ्याच मांड्यांखाली. डबी समोर वीतभरावर निळा दिवा लावून बसलेली, आणि तिला दाबायला तिथे पाऊल म्हणून नाहीच.

लेक आधी हसली, मग जावई. मी शनिवारभर उन्हातून हिंडून आलेली बाई. दुकानात उभ्याने दाबून पाहिलं, मोजा घालून पाहिलं, सगळं पाहिलं, फक्त मी वाजवते कशी बसून, एवढंच आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. दोन अस्सल मराठी माणसं पायाचा स्विच आणायला गेली आणि मांडी विसरून आली.

"आई, खुर्चीवर बसा ना," जावई म्हणाले. "सोपं आहे."

"तुम्ही बसा खुर्चीवर. बैठकीत सगळे खाली, गणपती समोर, आणि मी वरून देवाकडे पाय करून? शिवाय खुर्चीत मांडी उतरती होते, गिटार घसरते. इतकी वर्षं मी खालीच बसलेय."

"मग ट्रॅक?" लेक हळूच म्हणाली. ती वाईट मनाने नाही म्हणाली. मी डबी उचलली आणि उजव्या गुडघ्याखाली सारली.

गुडघा. मांडी घालून बसलं की तो जमिनीपासून जरासा वर असतो, निदान माझा तरी. तो खाली दाबता येतो. शिवणयंत्राचं पायटं जसं नुसत्या घोट्याने चालायचं, सबंध पाय उचलावा लागायचा नाही, तसं. मी दाबलं. पोलादी गुंडी वाटीच्या हाडाला अशी लागली की डोळ्यांतून पाणी आलं. पण जागा बरोबर होती. चुकीची होती ती गुंडी.

आणखी एक घोळ होता. ती डबी एकदा दाबली की चालू, परत दाबली की बंद. मध्ये एखादा खट् हुकला की पुढचं सगळं उलटं. आणि दिवा गुडघ्याखाली, मग कळणार कसं. मला हवं होतं ते साधं. दाबलेलं आहे तोवर एक, सोडलं की दुसरं. अंगालाच कळलं पाहिजे, दिव्याला विचारायला लागता कामा नये.

पुढच्या शनिवारी तीच डबी घेऊन परत त्याच दुकानात. या वेळी मी जावयांना बोलू दिलं नाही. तो पोऱ्या दिसल्यावर मी आपणहून बूट काढला, त्याने आपणहून पुठ्ठा आणला, आणि मी त्या पुठ्ठ्यावर सरळ मांडी घालून बसले. भिंतीवरची एक गिटार मागितली, मांडीवर आडवी घेतली, आणि गुडघा खाली-वर करून दाखवला. सगळं मराठीत बोलत. तो माझ्यासमोर त्यांच्या पद्धतीने टाचांवर बसला आणि माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला, माझ्या तोंडाकडे नाही. तेव्हा मला जरा बरं वाटलं. या वेळी त्याने सुगोई म्हटलं नाही. "आ" म्हणाला, उठला आणि कीबोर्डच्या विभागातून एक चपटी चौकोनी पट्टी घेऊन आला. वर रबर, बोटभर जाडीची. पियानोवाले सूर लांबवायला वापरतात ती. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते, खट् नाही, दिवा नाही. गुडघ्याखाली घेतली तर पाटावर टेकल्यासारखी वाटली. त्याने ती दुकानातल्या तसल्याच एका ॲम्पला जोडून, वाजवून खात्री करून दिली, डबी परत घेतली.

पट्टीच्या पोटाला एक बारीक खटका होता. तो इकडे सरकवला तर दाबल्यावर घुमारा चालू, तिकडे सरकवला तर दाबल्यावर बंद. घरी आल्यावर यावरून जावयांचं आणि माझं वाजलं.

"आई, दाबल्यावर चालू ठेवा. स्विच दाबला की चालू होतो, हे जगात सगळीकडे असंच असतं."

"जगात असेल. माझ्या मांडीखाली नाही. आलापी लांब असते, ताना थोड्या. घुमाऱ्यासाठी दाबून धरायचं तर सबंध आलाप मी गुडघा दाबूनच बसू का? आपसूक असेल तो घुमारा. ताना आल्या की दाबून बंद."

"पण लॉजिक उलटं होतं."

"लॉजिकला संधिवात नसतो."

मग मी रोज दुपारी बसायला लागले. वाटतं तितकं सोपं नव्हतं. गुडघा दाबला की मांडी कलायची, गिटार उजवीकडे झुकायची आणि कांडी तारेवरून भरकटायची. सूर बेसूर. डाव्या मांडीखाली टॉवेलची घडी घातली. मग पट्टी जरा बाहेर सरकवली. मग फक्त पोटरीचा जोर द्यायला शिकले. या वयात शिकले, असं कोणी म्हणू नका. शिकायला लागलं म्हणून शिकले. त्या पट्टीला मी पायपेटी म्हणायला लागले. लेक दुपारी घरी असली की विचारायची, "झाली का पायपेटी?"

बँकवाली एकदा बघायला आली. बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या काकू, गुडघ्याने होय. मग काही प्रश्नच नाही. गुडघा चालतो."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट डोकं तापलं. "का? गुडघा पायाच्या बाहेर असतो का?"

"तसं नाही, पाऊल नाही ना लागत."

"पाऊल पवित्र नाही आणि गुडघा पवित्र, हे कोणत्या पोथीत आहे? मला जमेना म्हणून मी गुडघा घेतलाय. पाऊल पोचलं असतं तर पाऊल लावलं असतं."

"चालतंय म्हणतेय ना काकू, मग भांडता कशाला?"

"चालतंय हे तू सांगायचं नाहीस म्हणून."

तिने मान हलवली आणि चहा घेतला. ट्रॅक मात्र तिने माझ्या नकळत घेऊन ठेवलाच. लेकीच्या फोनमध्ये माझ्या सरावाचं रेकॉर्डिंग होतं, ते तिला मिळालं. हे मला कार्यक्रमाच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी हॉलच्या दाराशी नेहमीची गर्दी. बूट काढायचे, भिंतीतल्या लाकडी खणांत ठेवायचे, मग आत. दाराशी बँकवालीची भावजय उभी होती. वडील इथल्या विद्यापीठात संशोधक होते म्हणून ही लहानपणापासून इथेच वाढलेली. मराठी घरात ऐकून ऐकून आलेलं, पण बोलते मनापासून. माझ्या हातात गिटार होती, जावयांकडे ॲम्प, लेकीकडे मोदकांचं पातेलं. पट्टीची कापडी पिशवी मी भावजयीच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही माझी पायपेटी. नीट ठेव हं, माझी वेळ आली की लागेल." तिने दोन्ही हातांनी घेतली, वाकली, "हो काकू, नीट ठेवते" म्हणाली.

आरती झाली, मुलांची नाचगाणी झाली, माझं आणि साथीच्या तबलावाल्याचं नाव पुकारलं. मी बसले, गिटार घेतली, टॉवेलची घडी घातली, उजव्या गुडघ्याखाली हात घातला. पायपेटी नाही. ॲम्पच्या मागे बघितलं, नाही. लोक खाकरायला लागले.

"काय झालं काकू?" बँकवाली वाकून म्हणाली.

"माझी पायपेटी कुठे आहे?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग फोन काढला. "काकू, लोक थांबलेत. आहे माझ्याकडे ट्रॅक. लावू का? हात फिरवा नुसते."

तेवढ्यात जावई रांगेतून उठून माझ्या शेजारी येऊन बसले, गेल्या वर्षीसारखे, गुडघे टेकून. "आई, राहू दे. मी दाबतो."

दोघंही प्रेमाने बोलत होते. म्हणूनच माझा फार संताप झाला. सगळी खटपट, दोन शनिवार, त्या पोऱ्याचा पुठ्ठा, दुपारभर दुखणारी पोटरी, सगळं करून मी परत तिथेच. एका बाजूला खोटं वाजवणं, एका बाजूला जावई. मी गिटार सतरंजीवर ठेवली आणि उठले. मांडीवरून उठायला मला वेळ लागतो. सगळ्या सभेने तो वेळ बघितला. बघू दे म्हटलं.

भावजय दाराशीच होती. "पायपेटी कुठे ठेवलीस गं?"

"गेताबाकोत," ती म्हणाली. गेताबाको म्हणजे ते चपलांचे खण. "तुमच्या बुटांशेजारीच ठेवली. नीट."

"बुटांशेजारी?" मग ती बोटांवर जुळवल्यासारखं म्हणाली, "पाय. पेटी. गेता, बाको. बुटांची पेटी ना? घरी जाताना लागेल, असं वाटलं मला." आणि तिचा चेहरा उतरला. "माझं मराठी चुकलं का काकू?"

गेता म्हणजे पायातल्या खडावा, बाको म्हणजे पेटी. मुलीने एकेक अक्षर बरोबर लावलं होतं. मी म्हटलं, "तुझं मराठी बरोबर आहे. माझं वाद्यच नवीन आहे."

कापडी पिशवी माझ्या बुटांना चिकटून बसली होती. मी पट्टी काढली, पदराने पुसली आणि कपाळाला लावली. मागे बँकवाली येऊन उभी होती. मी तिला म्हटलं, "वाद्याला पाय लागू नये म्हणत होतीस ना? आता चपला लागल्या. झालं समाधान?"

तिने फोन पर्समध्ये टाकला.

आत गेले. जावयांना म्हटलं, "तुम्ही जागेवर बसा, मोदक खा." वायर खोचली, पट्टी गुडघ्याखाली घेतली. राग अजून उतरला नव्हता. त्या रागातच पहिला सूर लावला, आणि तो मला हवा होता त्याच्यापेक्षा जरा बरा लागला. आलापी घुमत राहिली. तान आली तेव्हा गुडघा माझ्या आधी खाली गेला. ताना स्वच्छ आल्या, मोती ओवल्यासारख्या नाही म्हणणार, पण सुटे सुटे दाणे कळत होते. एकदा मात्र परत संथ येताना मी गुडघा उचलायला विसरले आणि दोन ओळी कोरड्याच गेल्या. मला टोचलं. उचलला, पुढे गेले, संपवलं.

टाळ्या आल्या. बेताच्या होत्या, गेल्या वर्षीहून कमी. पण जरा थांबून आल्या.

कार्यक्रम आटोपून आम्ही चालत निघालो. जावई पुढे ॲम्प घेऊन, लेक पातेलं घेऊन, पायपेटीची पिशवी मी दुसऱ्या कोणाकडे दिली नाही. बँकवालीचं घर आमच्याच रस्त्यावर. सिग्नलजवळ आल्यावर ती म्हणाली, "काकू, एक बोलू? दुसऱ्या अंतऱ्यात लय पळाली तुमची."

मी थांबले. "पळाली?"

"हो. ताना सुरू झाल्यावर. तबलावाला मागे राहिला."

"तबलावाला मागे राहिला ते त्याला विचार. लय मी चढवली."

"चढवली तर हळूहळू चढते काकू. ही एकदम पळाली. मी पण सहा वर्षं गाणं शिकलेय."

"मग तुला ऐकता यायला हवं होतं. हे बघ." मी पिशवी काखेत मारली आणि टाळी देऊन तिला ती जागा म्हणून दाखवली. तिने ऐकून घेतली आणि स्वतः टाळी देऊन परत म्हणून दाखवली, माझ्यापेक्षा संथ, मुद्दाम. मी म्हटलं ही अशी नव्हतीच. ती म्हणाली अशीच असायला हवी होती. समोरचा सिग्नल हिरवा झाला, जावई आणि लेक ओलांडून गेले, पलीकडे उभे राहून आमची वाट बघत राहिले. सिग्नल परत लाल झाला. आम्ही दोघी अलीकडेच, टाळ्या देत. सायकलवरून जाणारा एक माणूस वळून वळून बघत गेला.

तिच्या बोलण्यात एकदाही 'या वयात' आलं नाही, हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

लय मात्र पळाली नव्हती. चढवली होती.